साइड बीचं शेवटचं कडवं

माझ्या पीएचडीतली सगळ्यात मोठी चूक मी अकराव्या वर्षी केली. पीएचडीला नाव नोंदवलं एकोणतिसाव्या. म्हणजे चूक आधीच तयार होती, प्रबंध तिच्यापर्यंत नंतर चालत गेला.

मनमाडला स्टेशन रोडच्या एका बोळात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कॅसेटचं दुकान होतं. १९८७ ते २००४. त्याआधी त्याच गाळ्यात आजोबांचं शिलाई मशीन होतं. आम्ही नामदेव शिंपी. दुकानात कॅसेटी आल्या तरी गावानं आम्हाला 'शिंपीदादा' म्हणणं काही सोडलं नाही. रेडिमेड कॅसेटी होत्याच, पण दुकान चालायचं ते 'भरून देण्यावर'. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, अण्णा कोरी साठची, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट काढायचे आणि डबल डेकवर, दोन कॅसेटी बसणाऱ्या टेपवर, एकेक गाणं उतरवायचे. संध्याकाळी या, नाहीतर उद्या. कायद्यानं ही चोरीच होती, आणि अख्ख्या महाराष्ट्रात ती प्रत्येक एसटी स्टँडच्या शंभर पावलांवर उघड्या शटरमध्ये चालू होती.

माझं अक्षर बरं होतं. म्हणून कार्डावर गाण्यांची नावं लिहायचं काम माझ्याकडे. एका कार्डाचे चार आणे. कोऱ्या कॅसेटबरोबर जे कार्ड येतं त्यावर साइड ए आणि साइड बीच्या सातआठ रेघा असतात. एका रेघेत गाण्याचे पहिले तीनचार शब्द, मग एक आडवी रेघ, मग गायकाचं नाव. एवढ्यात ओळ भरायची. कवीचं नाव बसत नसे, आणि कुणी मागितलंही नाही. मी लिहिलं नाही.

हे इथे थांबवते, पुन्हा यावं लागणार आहे.

मराठीत एम.ए. करून नाशिकला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हा विषय ठरवायची वेळ आली. मी कॅसेटवरची मराठी गाणी म्हटलं. गाईडनं पहिला प्रश्न विचारला तो मला आजही योग्य वाटतो: हे लोकसाहित्यात घालायचं की साहित्यात? मराठीत हा पेच खरा आहे. लोकसाहित्याचा अभ्यास आपल्याकडे दांडगा. दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांच्या पुस्तकांनी कपाटं भरतील. त्या अभ्यासात जात्यावरची ओवी आहे, गोंधळ आहे, भारूड आहे. पण पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईहून गोणीतून आलेलं, प्लास्टिकच्या डबीतलं, पंचवीस रुपयांचं गाणं लोकांचं असूनही 'लोक' नाही, आणि छापलेलं नसल्यामुळे साहित्यही नाही. 'लोकप्रिय संस्कृती' हा शब्द आपण वापरतो, पण तो उच्चारताना तोंडात थोडा संकोच असतो. लोकप्रिय म्हणजे जरा हलकंच, असा अर्थ त्याला चिकटलेला आहे.

मला त्या पेचातून बाहेर काढलं ते शर्मिला रेगे यांच्या दोन लेखांनी. रेगे पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्रात होत्या, समाजशास्त्राच्या. २०१३ साली गेल्या. मी त्यांना कधी भेटले नाही, याची हळहळ वाटते. पहिला लेख २००२चा, लावणी आणि पोवाड्यावरचा. 'लोकप्रिय' म्हणजे काय हे त्या हवेत ठरवत नाहीत. कोणत्या जातीच्या कुणी गायलं, कुणी पैसे दिले, कुणी कशाला अश्लील म्हटलं आणि कशाला राष्ट्राचा ठेवा, या वाटेनं जातात. दुसरा २००८चा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, चौदा एप्रिलला, दीक्षाभूमीवर जी गर्दी होते तिला 'आंधळी व्यक्तिपूजा' म्हणून मोकळं होणाऱ्यांशी त्यांनी वाद घातला आहे. पुरावा काय घेतला? तिथे पदपथावर विकल्या जाणाऱ्या बारक्या पुस्तिका आणि गाणी. दहा रुपयांच्या पुस्तिकेला कुणी असं पानपान उलटून, गंभीरपणे वाचलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या रात्री मला अण्णांच्या दुकानाचं मधलं कपाट आठवलं.

कॅसेटवर आधी काम झालेलं नव्हतं असं नाही. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाचं १९९३चं पुस्तक आहे. कॅसेट स्वस्त झाली, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि गल्लीबोळातल्या कंपन्या बोलीभाषांतली गाणी काढू लागल्या, हा सगळा व्यवहार त्यात आहे, चोरट्या कॅसेटींसकट. पण पुस्तकाच्या नावातच 'उत्तर भारत' आहे, आणि आमचं दुकान महाराष्ट्रातलं.

मधल्या कपाटाबद्दल सांगते, कारण प्रबंधाचं निम्मं तिथेच होतं.

अण्णांचं वर्ष गाण्यांवर चालायचं. मार्चअखेरपासून भीमगीतं, एप्रिलभर त्यांचाच जोर. मग लग्नसराई. आषाढाच्या आधी विठ्ठल. भाद्रपदात गणपतीच्या आरत्या, अश्विनात देवीची गाणी आणि त्याच दिवसांत धम्मचक्र प्रवर्तनासाठी पुन्हा भीमगीतं. मनमाडात एप्रिल मोठा. रेल्वेचं गाव, वर्कशॉप, यार्ड. १९३८च्या फेब्रुवारीत जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या, दलित कामगारांची परिषद इथेच भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं बाबासाहेब त्या परिषदेत बोलले. वर्कशॉपमधली माणसं ते वाक्य घरातल्या गोष्टीसारखं सांगायची. चौदा एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात अण्णा जेवायला घरी येत नसत, मी डबा घेऊन जायचे आणि तिथेच बसून कार्डं लिहायचे.

तर कपाटात अण्णांनी गाणी विषयानं लावली नव्हती, गायकानं लावली होती. त्यामुळे प्रल्हाद शिंदे यांचा एक सलग कप्पा होता. त्यात 'पाऊले चालती पंढरीची वाट' होतं आणि त्याला चिकटून भीमगीतं होती, मधूनच एखादी कव्वाली. अण्णांना यात काही विशेष वाटत नसे. वर्कशॉपमधले एक फिटर काका दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतःसाठी आणि जूनमध्ये शेजारच्या म्हातारीसाठी त्याच कप्प्यातली कॅसेट न्यायचे.

अभ्यासाच्या जगात आले आणि हा कप्पा मधोमध फाडलेला दिसला. भक्तिगीतांबद्दल जे लिहिलेलं हाती लागलं त्यात शिंदे पहाडी आवाजाचे भक्तिगीत गायक. आंबेडकरी गायनाबद्दल जे लिहिलेलं होतं त्यात ते भीमशाहिरांच्या परंपरेतले. मी वाचलेल्यात दोन्ही शिंदे एका परिच्छेदात क्वचित भेटले. एका चर्चासत्रात मी हे मांडलं तर प्रश्न आला, 'ही विसंगती तुम्ही कशी सोडवता?' मी तेव्हा घाबरून काहीतरी 'वाटाघाटी'बिटाघाटी बोलले. घरी येऊन अण्णांना विचारलं. ते म्हणाले, 'कसली विसंगती? आवाज उतरत नव्हता त्याचा शेवटपर्यंत. लोक आवाज घ्यायचे.' हे उत्तर पुरेसं नाही, मला कळतं. रेकॉर्ड कंपनी कुणाला कसलं गाणं देत होती, भीमगीताला किती पैसे आणि भक्तिगीताला किती, देवाचं गाणं गाणाऱ्याबद्दल वस्तीत काय बोललं जायचं, हे प्रश्न उरतातच. पण सुरुवात 'विसंगती'पासून केली की ते विचारलेच जात नाहीत. माणूस आधी दोन करायचा आणि मग तो एक कसा, याचं आश्चर्य करत बसायचं.

असो. २०१२च्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका खाली काढल्या. दुकान बंद करताना जे विकलं गेलं नाही, जे गिऱ्हाइकांनी नेलंच नाही आणि अण्णांनी नमुना म्हणून स्वतःसाठी जास्तीची उतरवलेली जी प्रत होती, ते सगळं त्यात. दोनशेच्या वर कॅसेटी. वरच्या थराला बुरशी, रिळावर पांढरी पिठी बसल्यासारखी. साठची कॅसेट संगणकात घ्यायला साठ मिनिटंच लागतात, यात काही घाई करता येत नाही. कितीतरी कॅसेटींचा आवाज गोधडीतून आल्यासारखा. मी रीळ खराब म्हणून बाजूला ठेवायला लागले तेव्हा अण्णा चष्मा लावून आले, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डेकच्या हेडशेजारचा, म्हणजे रीळ ज्या भागावर घासून वाचली जाते त्याच्या शेजारचा, स्क्रू केसभर फिरवला. आवाज एकदम उघडला. ज्या डेकवर भरली त्याचं हेड तिरकं असेल तर ऐकताना आपलंही तेवढंच तिरकं करावं लागतं, हे मला कुठल्या संशोधनपद्धतीच्या पेपरात शिकवलं नव्हतं.

आणि सगळ्या कार्डांवर माझं अक्षर. गोल, थोडं मागे झुकलेलं, 'श'ला नको तेवढी गाठ.

मी नोंदवही केली. गाणं, गायक, वाद्यं, कवी. कवीच्या रकान्यात एकामागून एक 'अज्ञात'. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी ओळखू आली. ती छापलेली आहेत, लोकांना पाठ आहेत. वामनदादा तर आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नरजवळच्या देशवंडीचे. पण ट्रंकेतली बरीचशी भीमगीतं आसपासच्या गायन पार्ट्यांची होती. कुणीतरी टेपवर घेतलेली, मग आमच्याकडे आणून वाढवलेली. त्यांचे कवी कोण?

मी काय केलं, ते सांगायला आता लाज वाटते. मी त्यावर सिद्धांत रचला. लोकप्रिय संस्कृतीत कर्ता विरघळतो, गाणं समूहाचं होतं, नाव नसणं हेच इथलं वैशिष्ट्य, वगैरे. तिसऱ्या प्रकरणात चौदा पानं. परदेशी विद्वानांचे दाखले होते, वाक्यं लांब होती, आणि खरं सांगायचं तर ती पानं बरी जमली होती. गाईडना आवडली.

ती चौदा पानं एका दुपारी गेली.

वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले एक काका. तरुणपणी गायन पार्टीत आधी कोरसला आणि पुढे स्वतः उभं राहून गायलेले. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले आणि एक गाणं लावलं. काका डोळे मिटून मांडीवर ठेका धरून ऐकत होते. साइड बीचं शेवटचं गाणं. दोन कडवी झाली, तिसरं सुरू झालं आणि आवाज हळूहळू विझत गेला. काका थांबले नाहीत. ठेका तसाच चालू ठेवून त्यांनी तिसरं पुरं केलं आणि चौथं म्हटलं. चौथ्याच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव होतं.

डोळे उघडून म्हणाले, 'शेवटचं कडवं कुठंय ताई?'

मी दुसरं लावलं. तिसरं लावलं. जिथे गाणं पूर्ण होतं तिथे शेवटच्या ओळीत नाव होतंच. मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण ते शब्द म्हणून येतं, 'अमुक सांगे', 'तमुक म्हणे', आणि मी अर्थाकडे लक्ष देऊन पुढे जात होते. आणि हे मला कळू नये? आमच्या घरात रोज संध्याकाळी आई 'नामा म्हणे'वर अभंग संपवायची. अभंगाची नाममुद्रा मी एम.ए.ला शिकवते. पण भीमगीताला तीच सही असेल हे कानानं धरलंच नाही. कार्डावर जागा नव्हती, तशी कानातही नव्हती.

उरलेली कापलेली गाणी मग कशी कापली गेली, तेही समजलं. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, फार तर आणखी अर्धं मिनिट. गायन पार्टीचं गाणं सहासात मिनिटांचं. पाचवं गाणं शेवटाशी अडायचंच. अण्णा अशा वेळी रेकॉर्डिंगची लेव्हल हळूहळू खाली आणायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला झटका बसत नाही. ती सफाई होती, त्यांना तिचा अभिमान होता. कडव्यांमध्ये पहिलं उडालं तर गिऱ्हाईक भांडतं, शेवटचं उडालं तर भांडत नाही. त्यामुळे जे कडवं नेमकं गेलं ते कवीची सही असलेलं. अण्णांनी रिळावरून काढलं आणि मी कार्डावर लिहिलं नाही. बापलेकीनं मिळून.

काकांनी आतून वही आणली. रेक्झिनचं कव्हर, आतली पानं सुटी. प्रत्येक गाण्याखाली कवी, गाव, कुठल्या चालीवर. ओट्यावर बसून मी माझ्या नोंदवहीतले 'अज्ञात' खोडत गेले. एका दुपारीत सतरा. ज्या कवींची नावं मिळाली त्यातले काही गँगमन, एक नगरपालिकेत कामाला, एक शाळामास्तर. त्यांची नावं इथे लिहीत नाही, या लेखासाठी घरच्यांना अजून विचारलेलं नाही. प्रबंधात विचारून घातली आहेत. वही मात्र काकांनी हातातून सोडली नाही. 'फोटो काढ. वही नेलेले लोक परत येत नाहीत,' म्हणाले. कोण घेऊन गेलं होतं, ते मी विचारलं नाही. माझ्यासारखंच कुणीतरी असणार.

राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांचा २००२चा एक लेख आहे, भारतातली समाजशास्त्रं समतावादी आहेत का, असं विचारणारा. सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र, अशी ज्ञानाच्या क्षेत्रातली फाळणी ते दाखवतात. मी तो आधी वाचला होता, चर्चासत्रात तावातावानं वापरलाही होता. वापरताना स्वतःला दुसऱ्या बाजूला धरलं होतं, शिंप्याची पोर म्हणून. त्या दुपारी ओट्यावर मी कुठल्या पाटावर बसले होते ते स्पष्ट दिसत होतं. वहीत नावं होती. नावं नसण्याचा सिद्धांत माझ्याकडे होता.

जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या, आता त्या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. ओवीला जोडून गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. जिला घरातसुद्धा कुणी नावानं हाक मारली नसेल तिचं नाव तिथे आहे. नाव विचारायचं असतं, एवढंच त्यांनी केलं. आणि ते करायला त्यांना वर्षानुवर्षं लागली. त्याहून मागे जायचं तर अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा १८९१चा पोवाड्यांचा संग्रह. हा अ‍ॅक्वर्थ म्हणजे वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्याचं नाव आहे तोच, मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. साहेब इतका कामात बुडालेला, पण गोंधळ्यांचे पोवाडे उतरवून घ्यायला त्याला सवड होती. आमच्या काळातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात कॅसेटींचा कप्पा मागितला तर पुस्तकांबरोबर आलेल्या इंग्रजी संभाषणाच्या चार कॅसेटी दाखवतात.

चौदा पानं काढून टाकली. गाईड नाराज झाले. 'सिद्धांत कमी पडतोय,' असा शेरा आला. मी त्या जागी एक तक्ता घातला: गाणं, कवी, कवीचं काम, कुठल्या साइडला, किती सेकंदांवर कापलं गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही त्या तक्त्यावरचे होते. एक प्रश्न तर, 'कार्डांवरचं हस्ताक्षर कुणाचं, याचा शोध घेतला का?' मी 'माझं' म्हटल्यावर खोलीत जे हसू फुटलं त्यात मला पदवी मिळाली.

२०१६ची ही गोष्ट. त्यानंतर प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मनमाडला गेले. अण्णा सोनेरी अक्षरं निरखत बसले, मग म्हणाले, वाचून दाखव काय लिहिलंयस आपल्या दुकानाबद्दल. मी तक्त्यापर्यंत आले. कडवी कशी कापली गेली, त्यात नावं कशी गेली, सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून आवाज जरा मऊ ठेवला होता.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नव्वदची वापरली असती तर बसलं असतं सगळं.'

'मग का नाही वापरली?'

'नव्वदची रीळ पातळ असते गं. गुंतते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन परत येतं.'